फऱ्या : हवा न मानवणाऱ्या जंतूचा रोग

मी पेडणे तालुक्यातला. शिक्षणासाठी म्हापशाला आलो. लहानपणी एकदा मृगाचा पाऊस पडून गेल्यावर आमचा दीड वर्षांचा धष्टपुष्ट पाडा सकाळी लंगडू लागला आणि दुसऱ्या दिवशी मेला. त्याच्या मांडीवरची सूज दाबली की करकर असा आवाज येई. घरात 'मूठ मारली' अशी कुजबुज झाली व शेजाऱ्यांशी बोलणे तुटले.

त्या करकरीचा उलगडा जीवशास्त्र शिकताना झाला. तो फऱ्या रोग होता. काही जंतू प्राणवायूशिवाय जगतात, हे लुई पाश्चर यांनी १८६१ साली दाखवून दिले. फऱ्याचा क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय हा जंतू त्यांपैकीच. बीजाणूंच्या रूपाने तो मातीत वर्षानुवर्षे टिकतो, चाऱ्याबरोबर पोटात जातो व स्नायूंत सुप्त राहतो. मुका मार लागून तेथील प्राणवायू घटला की तो वाढू लागतो, विष सोडतो आणि वायू निर्माण करतो. कातडीखाली करकरतो तो हाच वायू. सहा महिने ते दोन वर्षे वयाची, अंगाने भरलेली गुरे बहुधा बळी पडतात.

पेनिसिलिनचा उपयोग अगदी सुरुवातीलाच होतो. खरा उपाय म्हणजे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी लस टोचणे. मेलेले जनावर सोलू नये; चुना घालून खोल पुरावे, नाहीतर बीजाणू पुन्हा मातीत पसरतात.

हे सारे घरी सांगेपर्यंत शेजाऱ्यांशी अबोल्यात दहा वर्षे गेली होती. आपल्याकडे गुरे असतील, तर मे महिन्याच्या सुट्टीतच सांगा.