न्हाणीतला बॉयलर

गळीत हंगाम संपला की कारखान्यात बॉयलर उघडतात. नळ्यांतला क्षार खरवडून काढतात, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासतात आणि सरकारी निरीक्षकाची तपासणी झाल्याशिवाय पुढच्या हंगामात त्याखाली जाळ पडत नाही. सभासद बंधू-भगिनींना हे नव्याने सांगायला नको. पण आपल्याच न्हाणीत, डोक्यावर, एक लहान बॉयलर टांगलेला असतो. त्याला गिझर म्हणतात. बसवल्यापासून तो कुणी उघडून पाहिलाय काय?

आम्हीही पाहिला नव्हता. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, भल्या पहाटे, लेकी-जावई घरात असताना त्याच्या बुडातून धार लागली. तांब्याचा जुना बंब आदल्याच वर्षी आम्ही मोठ्या शहाणपणानं मोडीत घातला होता. मग काय, परसात तीन दगड मांडून हंडा चढवला, शेणी पेटवल्या, आणि उटणं लावलेले जावईबापू कुडकुडत बसले.

नंतर मिस्त्रीनं टाकी खोलून दाखवली तेव्हा कळलं की हे एका रात्रीत घडलेलं नव्हतं. आमचं पाणी बोअरचं, जड. पोलादी टाकीला आतून काचेचा लेप असतो आणि आत मॅग्नेशियमची एक कांडी असते. गंज आधी त्या कांडीला खातो. कांडी संपली की टाकीची पाळी. आमच्या कांडीची नुसती तार उरली होती! ती वर्षा-दोन वर्षांनी पाहून बदलली असती तर टाकी आणखी काही वर्षं टिकली असती. पाणी तापायला वेळ लागू लागला, आत कडकड आवाज येऊ लागला, की कॉइलवर क्षार चढला म्हणून समजावं.

कॉइल जळाली किंवा थर्मोस्टॅट बिघडला तर दुरुस्ती करावी, त्यात काही जात नाही. टाकीच झिरपू लागली तर मात्र नवा घ्यावा. तांबट बंबाला डाख देतो तशी ही टाकी सांधता येत नाही. तापताना व्हॉल्व्हमधून चार थेंब पडले तर घाबरू नये. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट लागते. एका घरी आम्ही त्या व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली पाहिली. बॉयलर हाऊसमध्ये असं कुणी केलं तर त्याला त्याच पाळीत घरी धाडतील.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करावा आणि वायरमन येऊन जाईपर्यंत न्हाणीत कुणालाही जाऊ देऊ नये. अर्थिंग आणि वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, या दोन गोष्टींत काटकसर नको.

गॅस गिझर स्वस्त पडतो, पण कोंदट न्हाणीत तो बसवूच नये. त्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू साठतो. त्याला ना वास ना रंग, माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. दार लावून पेटवलेल्या बंबाचंही तेच. त्याची जागा परसात.

विजेचा हिशेब साधा आहे. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते. घरात आठ-दहा माणसं असली तर रोजचे चार-पाच युनिट कुठं गेले नाहीत. अशा घराला स्लॅबवरचा सौर बंब परवडतो. जड पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचा घ्यावा. पत्र्याच्या पेटीतल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षारानं लवकर चोंदतात. मात्र कोल्हापूरचा पावसाळा आपल्याला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर त्याच्यावर विसंबून राहता येत नाही.

आम्ही शेवटी गिझर नवा घेतला, तोही चैत्रात, सवडीनं चार दुकानं फिरून. परसात बंबही परत आणला. त्यात चिपाडं आणि शेणी जाळतो. पाचट रानातच ठेवतो, शेती खात्याची माणसं उगीच रागवायला नकोत. आमच्या मातोश्री अजून गिझरच्या पाण्याला शिवत नाहीत. त्याला धुराचा वास नाही, म्हणतात.