देश मागे राहिला, राज्य पुढे गेलं

आर्मेनिया हा समुद्रापासून दूरचा, डोंगराळ देश. मग तेराव्या शतकात भूमध्य समुद्राकाठी बंदराची जकात घेणारा आर्मेनियन राजा आला कुठून?

१०४५मध्ये आनी ही आर्मेनियन राजधानी बायझंटाइन साम्राज्याने घेतली, १०६४मध्ये ती सेल्जुक तुर्कांनी जिंकली. सरदार आणि त्यांची माणसं शेकडो किलोमीटर नैऋत्येला, किलिकियात येऊन वसली. आज तो तुर्कस्तानचा दक्षिण किनारा आहे. जागा पाहा! मागे टॉरस पर्वत, मोजक्या खिंडी, पुढे सुपीक मैदान आणि समुद्र. सह्याद्रीचे घाट आणि कोकणची बंदरं एकाच धन्याच्या हाती यावीत, तसंच हे. खिंडींवर किल्ले उभे राहिले, आणि ११९८च्या सुमारास त्यांच्यातल्याच लेव्होन या सरदाराच्या डोक्यावर चक्क राजमुकुट चढला. निर्वासितांच्या नातवंडा-पतवंडांनी परक्या मुलखात स्वतःचं राज्य उभं केलं!

लेव्होनने जिनोव्हा आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. अयास बंदर असं गजबजलं, की १२७१मध्ये मार्को पोलो पूर्वेकडे निघाला तो तिथूनच.

पण खरा थरार हेथुम राजाचा. मंगोल येताहेत म्हटल्यावर त्याने काय करावं? तो स्वतःच निघाला, वेषांतर करून, आणि १२५४मध्ये थेट मंगोलियात मोंगके खानासमोर उभा राहिला. संरक्षणाची सनद घेऊनच परतला. केवढं धाडस!

इजिप्तच्या ममलूकांना ही मैत्री खुपली. १२६६मध्ये हेथुम मंगोलांकडे गेलेला असताना त्यांनी राज्यावर झडप घातली. एक राजपुत्र मारला गेला, दुसरा कैद झाला. तरी राज्य आणखी शतकभर टिकलं, याचं मला फार नवल वाटतं. १३३५नंतर इराणमधली मंगोल सत्ता विस्कटली आणि पाठीराखा संपला. १३३७मध्ये अयास कायमचं गेलं, म्हणजे जकातही संपली. १३७५मध्ये राजधानी सिस ममलूकांच्या हाती पडली.

शेवटचा राजा, त्याचंही नाव लेव्होन, कैरोत त्यांच्या कैदेत होता. स्पेनमधल्या कॅस्टिलच्या राजाने त्याला सोडवलं आणि माद्रिदची जहागिरी दिली! १३९३मध्ये पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला. ‘आर्मेनियाचा राजा’ ही पदवी सायप्रसच्या राजांकडे गेली, पुढे सव्हॉय घराण्याकडे. ते घराणं इटलीच्या गादीवर बसलं, आणि १९४६मध्ये तिथली राजेशाही संपेपर्यंत ही पदवी त्यांच्या बिरुदावलीत होती.