जुन्या गेमिंग संगणकाला नवे भाग : पैसा कोठे घालावा?

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव यांसारख्या शहरांत चार-सहा संगणक मांडून गेमिंगचे छोटेखानी दुकान चालविणाऱ्या तरुणांपुढे सध्या एकच प्रश्न उभा आहे. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेली यंत्रे नव्या खेळांपुढे धापा टाकू लागली आहेत, गिऱ्हाईक पोरे शेजारच्या दुकानाकडे वळत आहेत, आणि सर्व यंत्रे एकदम बदलण्याइतके भांडवल गाठीशी नाही. मग एखादा भाग बदलून काम भागेल काय? भागू शकते. परंतु कोणता भाग बदलावा हे न तपासता बाजारात गेलेला माणूस बहुधा दुकानदाराला जे खपवायचे असते तेच घेऊन परत येतो. संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे आमचे बरेच कारागीर बांधवही सवयीने "ग्राफिक्स कार्ड बदला" एवढाच सल्ला देतात. म्हणून हा विषय थोडा तपशिलाने मांडण्याचे आम्ही ठरविले.

पहिली तपासणी फुकटची आहे. जो खेळ दुकानात सर्वाधिक चालतो तो लावावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये चित्राचे रिझोल्यूशन एकदम खाली आणावे. फ्रेमचा आकडा चांगला वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डाची समजावी. आकडा जागचा हलला नाही तर कार्ड निर्दोष आहे, दमला आहे तो प्रोसेसर. खेळ चालता चालता मध्येच अडकत असेल तर रॅम पुरते आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. खेळ सुरू व्हायलाच दोन-तीन मिनिटे लागत असतील तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. या पंधरा मिनिटांच्या कामासाठी कोणी पैसे मागत नाही, तरी शंभरातले नव्वद लोक ते करीत नाहीत.

येथे खेळाचा स्वभावही ध्यानात घ्यावा. २०२३ च्या सप्टेंबरात आलेला 'काउंटर-स्ट्राइक २' किंवा 'व्हॅलोरंट' हे खेळ प्रोसेसरवर जास्त भार टाकतात. उलट डिसेंबर २०२४ मधील 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' या खेळाला रे ट्रेसिंगची सोय असलेलेच कार्ड लागते. एके काळी राजा समजले जाणारे जीटीएक्स १०८० टीआय त्याच्या अटीत बसत नाही. तुमचे गिऱ्हाईक काय खेळते यावर तुमची खरेदी ठरली पाहिजे, इंटरनेटवरील जाहिरातीवर नव्हे.

आता आपल्याकडे सर्रास आढळणारी दोन यंत्रे घेऊ.

पहिले, इंटेलच्या चौथ्या पिढीचे : आय-फाइव्ह प्रोसेसर, एच ८१ मदरबोर्ड, आठ जीबी डीडीआर ३ रॅम. या यंत्रात फार पैसा ओतू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यावर घेतलेले डीडीआर ३ रॅम पुढच्या कोणत्याही यंत्रात बसणार नाही. विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला आणि विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोज ११ वर 'व्हॅलोरंट' चालविण्यास टीपीएम २.० व सिक्युअर बूट हवे. 'बॅटलफील्ड ६' सुद्धा सिक्युअर बूट मागतो. तेव्हा या यंत्राला एक साटा एसएसडी, जुन्या बाजारातून आठ जीबी रॅमची आणखी एक पट्टी, फार तर एक हलके कार्ड, आणि तेथेच थांबावे. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर. शिवाय ही एसएसडी उद्या नव्या यंत्रातही चालते. म्हणजे तो पैसा बुडीत नाही.

या एच ८१ बोर्डाची एक खोड मात्र फार थोड्यांना माहीत असते. त्याचा ग्राफिक्सचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेसच्या दुसऱ्या पिढीचा आहे. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड चौथ्या पिढीसाठी बनलेले असून त्याला अवघ्या चार लेन आहेत. तिसऱ्या पिढीच्या बोर्डात त्याची वाट निम्मी होते, एच ८१ मध्ये पाव. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी चारच जीबी, त्यामुळे खेळ अडखळतो. गिऱ्हाईक म्हणते कार्ड खराब निघाले, दुकानदार म्हणतो कार्ड ठीक आहे, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात! अशा बोर्डात सोळा लेनचे जीटीएक्स १६५० बरे. ते ७५ वॅटचे असून त्याच्या बऱ्याच नमुन्यांना वेगळी वीजजोडणी लागत नाही.

दुसरे यंत्र एएमडीचे : २०१७ सालचा रायझेन ५ १६००, बी ३५० किंवा बी ४५० बोर्ड, डीडीआर ४ रॅम. हे यंत्र ज्याच्याकडे आहे तो नशीबवान. एएमडीने एएम ४ हे सॉकेट वर्षानुवर्षे टिकविले आणि २०२२ पासून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझेन ५००० चे प्रोसेसर वापरण्याची मुभा दिली. बोर्ड तोच, रॅम तीच, प्रोसेसर तेवढा रायझेन ५ ५६०० घातला की यंत्राला नवे आयुष्य मिळते आणि विंडोज ११ ची अडचणही सुटते. ६५ वॅटचा असल्याने मध्यम प्रतीचा बोर्ड त्याला पेलतो. अगदी स्वस्त ए ३२० बोर्डावर मात्र याहून मोठा प्रोसेसर लावण्याचा मोह टाळावा. इंटेलच्या बाबतीत ही सोय गृहीत धरू नये. सहाव्या-सातव्या पिढीचे आणि आठव्या-नवव्या पिढीचे सॉकेट नावाने ११५१ असले तरी जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालत नाही. नावावर जाऊन फसलेले अनेक जण आहेत.

एएम ४ चे काम करणाऱ्या कारागिरांसाठी दोन गोष्टी. बोर्डाचे बायोस जुना प्रोसेसर आत असतानाच अद्ययावत करून घ्यावे, नाही तर नवा प्रोसेसर बसविल्यावर पडद्यावर काहीच येणार नाही. बायोस चढत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून भारनियमनाच्या गावात यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊ नये. दुसरे, जुना हीटसिंक सरळ वर ओढू नये. वाळलेल्या पेस्टने चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो व त्याच्या पिना वाकतात. यंत्र दहा मिनिटे चालवून गरम करावे, बंद करून वायर काढावी, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलके फिरवीत सोडवावा.

आता अशा भागाकडे वळू ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही, म्हणजे एसएमपीएस. आपल्याकडील बहुतेक असेंबल यंत्रांत कॅबिनेटबरोबर आलेला स्वस्त एसएमपीएस असतो व त्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असे छापलेले असते. त्या छापील आकड्याला काही अर्थ नाही. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. तेथे १६ असतील तर १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट, हीच त्याची खरी ताकद. आता ८४ वॅटचा आय-फाइव्ह आणि १३२ वॅटचे आरएक्स ६६०० कार्ड एकत्र केले की २१६ वॅट होतात, पंखे-डिस्क वेगळेच. असे यंत्र पूर्ण भारावर बंद पडेल किंवा एखादे दिवशी मदरबोर्ड व नवे कार्ड दोन्ही घेऊन जाईल. ज्याला कार्डासाठी पैसे आहेत पण एसएमपीएससाठी नाहीत, त्याने कार्ड घेणे पुढे ढकलावे. चांगल्या एसएमपीएसबरोबर जुना, चौकोनी लहरीचा यूपीएस लावल्यास वीज जाताच यंत्र बंद पडण्याचा अनुभव येतो, तेही खरेदीपूर्वी तपासावे.

विजेच्या बिलाचाही हिशेब करावा. ७५ वॅटच्या कार्डाऐवजी २५० वॅटचे घेतले तर फरक १७५ वॅटचा. दिवसाला दहा तास पूर्ण भारावर, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे एका यंत्रामागे साडेपंचेचाळीस युनिट. पाच यंत्रांमागे सव्वादोनशेच्या वर. याला आपल्या व्यापारी दराने गुणून पाहावे, आणि तासाचे भाडे तेवढे वाढवता येते का याचा विचार करावा.

जुन्या मालाचा बाजार हा आमच्या अनेक बांधवांचा व्यवसाय आहे, म्हणून त्याबद्दल थोडे मोकळेपणाने बोलतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, कार्डांवर ते 'खणण्याचा' धंदा थांबला आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने बाजारात आली. ती सगळीच वाईट असतात असे नाही. पंखे व थर्मल पॅड बदलले तर पुष्कळशी चांगली चालतात. पण हीट गनने चिप गरम करून तात्पुरते जिवंत केलेले कार्ड 'चालू माल' म्हणून देणे, किंवा जुन्या जीटीएस ४५० वर बनावट बायोस चढवून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकणे, ही उघड फसवणूक आहे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारे प्रेषित मुहम्मद (स.) आपल्याला ठाऊक आहेत. मालातला ऐब सांगून विकलेल्या कार्डाला कमी भाव येईल, पण ते गिऱ्हाईक परत येईल. घेणाऱ्याने जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम चालवून पाहावा. २०१८ पासून तो बनावट कार्डे ओळखून दाखवितो. नंतर अर्धा तास जड खेळ चालवावा आणि मगच पैसे मोजावेत.

जीटीएक्स १० मालिका व त्याआधीच्या ९०० मालिकेची कार्डे स्वस्त मिळत असली तरी एनव्हिडियाने त्यांच्यासाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबविले आहे. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेपुरते ड्रायव्हर मिळतील. दुकानासाठी घेताना हे भावात धरावे. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे भडकले, तेव्हा आठ जीबीची एकच पट्टी असेल तर ती विकून सोळाची घेण्यापेक्षा तशीच दुसरी जोडणे परवडते. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की वेगही वाढतो.

बिलाबाबत एवढेच. या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याने दुकानाच्या नावे पक्के बिल घेतल्यास त्याची वजावट मिळते. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला ती मिळत नाही. जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवर वजावट घेतली नसेल तर खरेदी-विक्रीतील फरकावरच कर भरण्याची सोय नियम ३२(५) मध्ये आहे. आपल्या कर सल्लागाराला ती जरूर विचारावी.

'बिनव्याजी हप्ता' म्हणून जे सांगितले जाते त्यात व्याज नसतेच असे समजू नये. क्रेडिट कार्डांवरील अशा शून्य टक्के योजनांत व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपविले जाते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच नमूद केले होते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी पाचही यंत्रे एकदम हातात घेऊ नयेत. एका यंत्राचा एसएमपीएस व प्रोसेसर रोखीने बदलावा, त्यावर महिनाभर गिऱ्हाईक बसवावे, आणि त्याच गल्ल्यातून दुसऱ्याचे काम काढावे.