समास, ‘इति’ आणि अंतर्गत फंक्शनची मांडणी

एक रचना दुसरीच्या पोटात येते तेव्हा आतली कोठे सुरू झाली व कोठे संपली, हे वाचकाला कळावे कसे? हा प्रश्न साहित्यसंहितेइतकाच संगणकाच्या आज्ञावलीलाही लागू आहे.

जबलपूरजवळील भेडाघाट येथील राणी अल्हणदेवीचा संस्कृत शिलालेख (कलचुरि संवत् ९०७, इ. स. ११५५) वा. वि. मिराशी यांच्या १९५५ च्या कलचुरि-चेदि लेखसंग्रहात समाविष्ट आहे. अशा पद्यबद्ध प्रशस्तींत ओळ संपते ती दगडावरील जागा संपल्यामुळे. श्लोकाची सीमा दंड आणि वृत्त यांवरून कळते. समास सोडून केलेली श्लोकवार मांडणी ही संपादकाची असते. संस्कृतात उद्धृत कथनाचा शेवट ‘इति’ने कळतो, आरंभ अर्थावरून शोधावा लागतो. मराठीत दोन्ही वाटा आहेत. ‘तो येईल असे ती म्हणाली’ यात ‘असे’ शेवट दाखविते. ‘ती म्हणाली की तो येईल’ यात ‘की’ आरंभ दाखविते.

पास्कल (१९७०) या भाषेत फंक्शनच्या आत फंक्शन लिहिता येते. ‘बिगिन’ व ‘एन्ड’ हे शब्द त्याच्या आज्ञांच्या दोन्ही सीमा सांगतात. डावीकडे सोडलेली जागा केवळ वाचकाच्या सोयीसाठी असते. संगणक तिच्याकडे लक्ष देत नाही. पायथनची (१९९१) रीत ‘की’सारखी आहे. विसर्गचिन्ह आरंभ सांगते, शेवट मात्र ओळ पुन्हा डावीकडे आल्यानेच कळतो. पीटर लँडिन यांनी १९६६ मध्येच असा नियम सुचविला होता. पायथनमध्ये आतल्या फंक्शनची अखेरची ‘रिटर्न’ ओळ एक पायरी डावीकडे सरकली, तर ती बाहेरच्या फंक्शनची होते. शब्द एकही बदलत नाही, अर्थ बदलतो.

येथून संपादनशास्त्राला उपयुक्त असा निकष मिळतो. नक्कल करताना समास नष्ट झाला तरी पास्कलची आज्ञावली पूर्ववत मांडता येते, कारण सीमेला शब्दांची दुसरी साक्ष असते. शिलालेखातील श्लोकांना वृत्ताची साक्ष असते. पायथनमध्ये तशी साक्ष नसते. तेथे समास हाच व्याकरणाचा भाग होय. मुक्तछंदातील कवितेची स्थितीही याहून फार निराळी नाही. म्हणून मांडणीला अलंकरण समजून ती बदलण्यापूर्वी त्या सीमेला दुसरा साक्षीदार आहे काय, हे अभ्यासकाने प्रथम पाहावयास हवे.