केसाच्या दहाव्या भागाचा प्रश्न: डोंगरात नेण्यासाठी हलका ट्रायपॉड कसा निवडावा

अलास्कात डॉल मेंढ्यांच्या शिकारीचा एक नियम आहे. बहुतेक भागांत नर मारायचा असेल, तर त्याच्या निदान एका शिंगाने पूर्ण ३६० अंशांचा वेढा घेतलेला असावा, किंवा दोन्ही शिंगांची टोकं तुटलेली असावीत, किंवा शिंगावरच्या वार्षिक वळ्या मोजून त्याचं वय ८ वर्षं किंवा जास्त भरावं. हा निर्णय गोळी झाडण्याआधी घ्यायचा असतो आणि जनावर समोरच्या उतारावर तीन-चारशे मीटर लांब असतं. नंतर शिंगं वन्यजीव खात्यात तपासून घ्यावी लागतात. तिथे नर कमी वयाचा निघाला तर गुन्हा होतो. आणि गेलेला नर काही परत येत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. पण स्पितीसारख्या भागात भरल मोजणाऱ्या आम्हा मंडळींपुढे हेच कोडं असतं. पलीकडच्या उतारावर जे दिसतंय ती मादी आहे की दोन वर्षांचा नर? कळपात पिल्लं किती? एकच कळप दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहिला, तर तो एकच आहे हे ओळखायलाही कळपातल्या नर-माद्या-पिल्लांची संख्या उपयोगी पडते. त्यामुळे अमेरिकेतले डोंगरी शिकारी ट्रायपॉडवर इतका काथ्याकूट का करतात, हे आम्हाला लगेच समजतं. गरज एकच आहे: आठवडाभर पाठीवर वाहून नेता येईल एवढी हलकी आणि ४० पट मोठं करून पाहताना हलणार नाही अशी तिवई.

आधी थोडं गणित

समजा जनावर ४०० मीटरवर आहे आणि शिंगावरच्या दोन वळ्यांमधलं अंतर १ सेंटीमीटर आहे. डोळ्याशी त्याचा कोन होतो सुमारे ५ विकला. निरोगी डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या दिसायला साधारण ६० विकला, म्हणजे १ कला, एवढा कोन लागतो. म्हणून नुसत्या डोळ्याला काहीच दिसणार नाही. ४० पटीच्या स्पॉटिंग स्कोपमधून तोच कोन २०० विकलांच्या वर जातो आणि वळ्या आरामात मोजता येतात.

पण स्कोप चित्र मोठं करतो तेव्हा थरथरही तेवढीच मोठी करतो. स्कोप स्वतः ५ विकला हलला, की एक वळी शेजारच्या वळीवर जाऊन बसते. आता ३० सेंटीमीटर लांबीचा स्कोप ५ विकला हलतो, म्हणजे त्याचं पुढचं टोक किती वर-खाली होतं? सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या दहाव्या भागाएवढी हालचाल झाली, तरी आठ वर्षांचा नर आणि सात वर्षांचा नर यांतला फरक पुसला जाऊ शकतो.

हे एकदा लक्षात आलं, की दुकानातला ‘हा दहा किलो पेलतो’ हा दिलासा किती कामाचा आहे ते कळतं. वजन पेलणं म्हणजे न मोडणं. आपल्याला हवंय न हलणं. शिवाय हा ‘दहा किलो’ आकडा काढण्याची सगळ्या कंपन्यांनी मानलेली एकच पद्धत नाही, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करून फारसं काही हाती लागत नाही.

पाय: जाडी, लांबी आणि शेवटचा टप्पा

पोकळ नळीचा ताठरपणा, भिंतीची जाडी तीच ठेवली तर, व्यासाच्या घनानुसार वाढतो. २२ मिलिमीटरच्या जागी २८ मिलिमीटरची नळी घेतली, तर ताठरपणा दुपटीपेक्षा थोडा जास्त होतो. वजन मात्र सुमारे सव्वापटच होतं. लांबीचं याच्या उलट असतं. नळीचं वाकणं ढोबळमानाने लांबीच्या घनानुसार वाढतं. पाय पाव पटीने लांब केला, तर तो जवळजवळ दुप्पट वाकतो.

चार टप्प्यांच्या ट्रायपॉडमध्ये वरची नळी २८ मिलिमीटरची असली, तरी शेवटची १९ च्या आसपास असू शकते. म्हणजे खालच्या टप्प्याचा ताठरपणा वरच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाला. चार टप्प्यांचा ट्रायपॉड मिटल्यावर आखूड होतो आणि पिशवीत छान बसतो, तीन टप्प्यांचा जास्त ताठ असतो. निवड करताना एक साधा प्रश्न विचारा: मला लागणारी उंची शेवटचा टप्पा न उघडता मिळते का? मिळत असेल, तर चार टप्पेही चालतील.

लागणारी उंची किती, याचाही नीट विचार करा. डोंगरात तासन्‌तास पाहणारा माणूस उभा राहत नाही, तो बसतो. जमिनीवर बसल्यावर डोळे साधारण ७५-८० सेंटीमीटरवर असतात. आयपीस तिरका असलेला स्कोप घेतलात, तर आणखी खाली चालतं. उभ्या माणसाच्या उंचीचा ट्रायपॉड नेणं म्हणजे न वापरायच्या नळ्या चार-साडेचार हजार मीटरवर वाहणं. ४५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५७ टक्के असतो. तिथे प्रत्येक पाव किलोचा हिशोब फुप्फुसांना द्यावा लागतो.

मधला खांब असेल, तर तो काढून टाकता येतो का ते बघा. तीन पायांनी मिळवलेली स्थिरता एका बारीक नळीवर टेकवायची, यात काही शहाणपण नाही. शिवाय खांब काढल्यावर ट्रायपॉड जमिनीलगत पसरता येतो आणि वाऱ्यात तेच हवं असतं.

कार्बन की अॅल्युमिनियम?

परवडत असेल तर कार्बन. अॅल्युमिनियमची घनता २.७ आणि कार्बन फायबर संमिश्राची साधारण १.६, म्हणून त्याच वजनात जाड नळी मिळते. कार्बनमध्ये कंपनंही लवकर विरतात. तिसरं कारण पुस्तकात कमी आणि पहाटे जास्त कळतं: उणे दहा अंशांत अॅल्युमिनियमचा पाय उघड्या हाताने धरून बघा. मात्र कार्बनला खडकाचा जोरदार टोला लागला, तर तो पोचा न पडता तडकू शकतो. बजेट कमी असेल, तर जाड पायांचा, आखूड अॅल्युमिनियम ट्रायपॉड हा बारीक पायांच्या उंच कार्बन ट्रायपॉडपेक्षा केव्हाही बरा.

हेड: इथेच बहुतेकांचं चुकतं

फोटोग्राफर मंडळींच्या शिफारशीवरून बरेच जण बॉल हेड घेतात. ते हलकं असतं आणि फोटोसाठी उत्तमही असतं. पण त्याचा एक स्क्रू सैल केला, की तिन्ही दिशा एकदम सुटतात. स्कोप पुढे जड असेल तर नाक खाली टाकतो. आपलं काम वेगळं असतं. समोरच्या उताराचे मनातल्या मनात पट्टे पाडायचे, डावीकडून उजवीकडे एक पट्टा संपवायचा, थोडं खाली यायचं, पुन्हा उलट जायचं. त्यासाठी आडवी आणि उभी हालचाल वेगवेगळी करता यायला हवी. म्हणून दांडी असलेलं छोटं पॅन हेड घ्या. बॉल हेडपेक्षा शंभर-दोनशे ग्रॅम जास्त गेले तरी चालतील.

द्रव-घर्षणाचं, म्हणजे फ्लुइड हेड घेणार असाल तर लक्षात ठेवा, थंडीत आतलं ग्रीस घट्ट होतं आणि हालचाल जड होते. घेण्याआधी ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून बघता आलं तर उत्तम. प्लेट आर्का पद्धतीची असेल, तर एकाच हेडवर दुर्बीण आणि स्कोप पटकन बदलता येतात. शोध १० पटीच्या दुर्बिणीने घ्यायचा आणि निर्णय ४० पटीच्या स्कोपने, ही विभागणी शिकारी आणि संशोधक दोघेही करतात. ट्रायपॉडवर बसवलेली साधी दुर्बीणसुद्धा हातातल्या दुर्बिणीपेक्षा किती जास्त दाखवते, हे एकदा अनुभवून बघाच.

सगळं मिळून अंदाज असा: पाय १.१ किलो, हेड ४५० ग्रॅम, प्लेट ५० ग्रॅम. एकूण १.६ किलो. याच्या फार खाली गेलात, तर बहुधा ताठरपणा विकून हलकेपणा घेताय.

दुकानात करायची चाचणी

आपला स्कोप सोबत न्या. लागणाऱ्या उंचीवर लावा, ४० पटीवर करा, लांबच्या दुकानाच्या पाटीवरचं अक्षर धरा. एका पायावर बोटाने टिचकी मारा आणि अक्षर पुन्हा वाचता येईपर्यंत सेकंद मोजा. मग हेड हलकेच पिळून बघा, कारण वारा ट्रायपॉडला नुसता ढकलत नाही, पिळतोही. दोन ट्रायपॉड शेजारी ठेवून हे केलंत, तर माहितीपत्रक वाचायची गरज उरत नाही.

डोंगरावर गेल्यावर

उतारावर दोन पाय खालच्या बाजूला आणि एक वरच्या बाजूला ठेवा. वजन म्हणून पिशवी लटकवायची असेल, तर तिचा तळ जमिनीला टेकू द्या, नाहीतर वाऱ्यात तीच झोके घेते आणि ट्रायपॉडलाही झुलवते. फोकस केल्यावर हात काढून घ्या आणि मग बघा.

दुपारी मात्र कितीही भारी ट्रायपॉड असला, तरी चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. तो दोष ट्रायपॉडचा नाही. तापलेल्या उतारावरून उठणाऱ्या हवेचा आहे. अशा वेळी पट वाढवण्याऐवजी कमी करा, किंवा ऊन उतरेपर्यंत थांबा.

आणि तरीही वळ्या मोजता आल्या नाहीत, तर शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवायची असते. आम्ही नोंदवहीत ‘वर्गीकरण नाही’ या रकान्यात तो प्राणी टाकतो. चांगल्या ट्रायपॉडने हा रकाना आखूड होतो. पण वाऱ्याच्या दिवशी तो अगदीच रिकामा दिसला, तर माझा पहिला संशय नोंदी करणाऱ्यावर जातो.