होनोलुलूचं सँडविच आणि यवतमाळची पऱ्हाटी

आमच्या संस्थेचं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं आणि वर्षातला पहिला पाहुणा असतो सीए. जीवशास्त्र शिकवणाऱ्या आणि शिकवून निवृत्त झालेल्या आम्ही काही जणांनी यवतमाळात ही संस्था काढली, तेव्हा बेत साधा होता. वर्षाकाठी एकदोन परिषदा भरवायच्या, संशोधन करणारी चार चांगली माणसं बोलवायची आणि त्यांचं ऐकायचं. नफा कमवायचा नसला की किती कागद लागतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आधी सोसायटी कायद्याखाली नोंदणी, मग धर्मादाय आयुक्तांकडे, पुढे दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आणि कुठून अनुदान मिळालंच तर त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र. मी संस्थेची सचिव. आयुष्य पोरांना झुरळाचं विच्छेदन शिकवण्यात गेलं, म्हातारपण व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टँप चिकटवण्यात चाललंय.

गल्लीत कोणी विचारलं, ‘परिषद म्हणजे नेमकं करता काय हो?’ तर मी सांगते, लग्नच समजा. हॉल, केटरर, पत्रिका, पाहुण्यांची ने-आण, रुसवेफुगवे आणि शेवटी उधारी. फक्त इथे कोणाची गाठ कोणाशी पडायची ते आधी ठरलेलं नसतं. ते चहाच्या रांगेत ठरतं.

थट्टा वाटेल, पण जनुक अभियांत्रिकी जन्माला आली ती अशीच. नोव्हेंबर १९७२ मध्ये होनोलुलूला प्लाझमिडवर एक बैठक भरली होती. प्लाझमिड म्हणजे जिवाणूच्या पेशीत सुटी फिरणारी डीएनएची छोटी कडी. स्टॅनफर्डचे स्टॅनली कोहेन या कड्यांवर काम करत होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्बर्ट बॉयर यांच्याकडे डीएनए ठरावीक जागी कापणारं विकर होतं. दोघांच्या प्रयोगशाळा एकमेकांपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, पण बोलणं जुळलं ते समुद्रापार, दिवसभराची सत्रं आटोपल्यावर, रात्री वायकिकीच्या एका खानावळीत सँडविच खाताना. तुझं विकर आणि माझी कडी एकत्र करून पाहू, एवढंच ठरलं. पुढच्याच वर्षी एका जिवाचं जनुक दुसऱ्यात घालून वाढवता येतं हे त्यांनी दाखवलं. कार्यक्रमपत्रिकेत त्या सँडविचचा उल्लेख कुठेही नव्हता.

संशोधन छापून येतं तेव्हा ते न्हाऊन-माखून, भांग पाडून येतं. फसलेले प्रयोग, अर्धवट शंका, ‘हे का होतंय ते कळत नाही बुवा’ अशी कबुली, यातलं काही नियतकालिकात येत नाही. ते बोललं जातं परिषदेत, आणि तेही माणूस विश्वासातला वाटला तर. अमेरिकेतल्या गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस या ना-नफा संस्थेने हे फार लवकर ओळखलं. नील गॉर्डन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक. १९३१ च्या सुमारास त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात उन्हाळी बैठका सुरू केल्या, आणि १९४८ मध्ये त्या बैठकांना त्यांचंच नाव मिळालं. नियम आजही कडक आहेत. इथे ऐकलेलं परवानगीशिवाय कुठे उद्धृत करायचं नाही, पडद्यावरच्या चित्रांचे फोटो काढायचे नाहीत, इतिवृत्त छापायचं नाही. सत्रं सकाळी आणि रात्री, दुपार पूर्ण मोकळी. आमच्याकडे दुपार मोकळी ठेवली तर अर्धी माणसं जेवून एसटी पकडतील, ते सोडा. पण या मोकळ्या दुपारीसाठीच बाकीचा सगळा खटाटोप आहे, हे मला पटलंय.

गॉर्डनच्या अशाच एका परिषदेत, जून १९७३ मध्ये, बॉयर यांनी कोहेन यांच्यासोबतचा तो प्रयोग सांगितला आणि ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. असं जोडकाम उद्या कोणीही करू शकेल, त्यातून एखादा भलताच जंतू तयार झाला तर? मॅक्सीन सिंगर आणि डीटर सॉल हे त्या परिषदेचे अध्यक्ष. जमलेल्यांनी मतदान करून ठरवलं की अमेरिकेच्या विज्ञान अकादमीला पत्र लिहायचं आणि ते जाहीरही करायचं. बोललेलं बाहेर न नेण्याचा नियम असलेल्या जागेतून निघालेलं हे पत्र ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्यातून फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात असिलोमारची परिषद झाली. तिथे शास्त्रज्ञांनी पत्रकारांच्या आणि वकिलांच्या देखत स्वतःच्याच कामावर बंधनं घालून घेतली. जगभरच्या जनुक-नियमांचं मूळ तिथे आहे. आपल्याकडे पर्यावरण कायद्याखाली १९८९ मध्ये नियम आले, आणि त्या नियमांतल्या समितीने मार्च २००२ मध्ये जालन्याच्या महिकोच्या तीन संकरित बीटी कापूस वाणांना परवानगी दिली. काही वर्षांतच आमच्या जिल्ह्यातली जवळजवळ सगळी पऱ्हाटी बीटीची झाली. बोंडाला पोखरणारी अळी मरावी म्हणून मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात घातलेलं. होनोलुलूच्या त्या रात्रीचा धागा असा कळंब-राळेगावच्या वावरापर्यंत येतो.

परिषदा भरवणं हाच ज्यांचा बारमाही उद्योग आहे अशा संस्था जगात आहेत. १९७२ मध्येच लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सुरू झालेली आणि पुढे कोलोरॅडोच्या डोंगरात गेलेली कीस्टोन सिम्पोझिया ही त्यांतली एक. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत १९३३ पासून उन्हाळी परिसंवाद होतो. १९५३ च्या जूनमध्ये जेम्स वॉटसन यांनी डीएनएचा दुहेरी पीळ तिथेच मांडला. अशा संस्थांचं वर्ष कसं जातं ते मी हौसेने वाचत असते. विषय बरंच आधी ठरतात. जुना गाजलेला विषय परत घ्यायचा की अजून कोणाला नीट न कळलेला घ्यायचा, यावर सल्लागार भांडतात. मग अध्यक्ष, मग वक्ते, मग सारांश मागवणं, आणि त्या सारांशांतून एखाद्या नवख्या मुला-मुलीला बोलायला उभं करणं. विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी निधी उभा करायचा. बाकीच्यांनी भित्तिपत्रकं लावून त्यांच्याजवळ उभं राहायचं. माझं मत विचाराल तर परिषदेचा जीव भित्तिपत्रकांत असतो. व्यासपीठावरच्या माणसाला कोणी ‘थांबा, हे कळलं नाही’ म्हणत नाही, भित्तिपत्रकापाशी म्हणतं.

आपल्याकडेही हे आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ बिरेशचंद्र गुहा यांच्या नावाची गुहा रिसर्च कॉन्फरन्स अनेक दशकं भरतेय. मोजके जीवशास्त्रज्ञ काही दिवस एकत्र राहतात आणि एकमेकांची उलटतपासणी घेतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या ओबेद सिद्दिकींच्या पिढीने सत्तरच्या दशकात महाबळेश्वरला आधुनिक जीवशास्त्राची चर्चासत्रं सुरू केली. दुसऱ्या टोकाला इंडियन सायन्स काँग्रेस. १९१४ पासूनचा हा मेळा जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात भरला होता, १०८ वं अधिवेशन. आम्हीही गेलो होतो. मंडपांतून चालून पाय दुखले, शाळेच्या पोरांचे डोळे मोठे झाले, ते बघून बरं वाटलं. विज्ञानाची जत्रा म्हणून ती हवीच. पण तिथे कोणी कोणाला आपला फसलेला प्रयोग सांगितला असेल असं मला वाटत नाही.

मधल्या काळात एक साथ येऊन गेली. २०१० च्या यूजीसी नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले. परिषदेत निबंध वाचला की गुण, आणि परिषद जितकी वरच्या दर्जाची तितके गुण जास्त. मग काय, तालुक्यातालुक्यांत आंतरराष्ट्रीय परिषदा होऊ लागल्या. परदेशातून एक पाहुणा आला, नाहीतर फोनवरून बोलला, की झाली आंतरराष्ट्रीय. सकाळी दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, बीजभाषण. दुपारी तीन वर्गांत एकाच वेळी निबंधवाचन, प्रत्येकी पाच मिनिटं. चारला प्रमाणपत्रांची रांग. संध्याकाळी सगळे गुणी झालेले. याच भुकेवर मोठा धंदाही उभा राहिला. हैदराबादच्या ओमिक्स या कंपनीने जगभर परिषदांचा बाजार मांडला होता. होकार न दिलेल्या शास्त्रज्ञांची नावं जाहिरातीत टाकल्याच्या आरोपासह अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्यावर २०१६ मध्ये दावा लावला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आदेश काढला. तेव्हा सीएसमोर बसून व्हाउचर मोजायचा माझा कंटाळा जरा कमी झाला.

आमचं वर्ष पिकाच्या पंचांगाने चालतं. जूनमध्ये पेरणी. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचे दिवस. दिवाळीपासून वेचणी. मार्चमध्ये विद्यापीठाच्या परीक्षांची चाहूल आणि ऊनही. म्हणून फेब्रुवारी. मुंबईकडून येणारे पाहुणे धामणगावला उतरतात, तिथून गाडी पाठवायची. यवतमाळला येणारी जुनी शकुंतला रेल्वे बंद पडून जमाना झाला, आणि वर्ध्याहून निघालेली नवी गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचली. त्यामुळे ‘यवतमाळला कसं यायचं?’ या प्रश्नाचं उत्तर आमच्या निमंत्रणपत्रात विषयापेक्षा लांब असतं. पैशाचं म्हणाल तर नोंदणी शुल्क, स्मरणिकेच्या जाहिराती आणि उरलेलं आमच्या पेन्शनी. एकदा एका औषध कंपनीने जेवणाचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एकच, मंचामागच्या फलकावर नाव मोठं हवं. इथे औषध म्हणजे कीटकनाशक, आणि आमचा त्या वर्षीचा विषय होता फवारणीतली विषबाधा. त्या वर्षी वरण-भात, एक भाजी, मठ्ठा.

हा विषय आम्ही घेतला तो २०१७ नंतर. त्या पावसाळ्यात जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेलेली, त्यामुळे पंपाचा फवारा वर धरावा लागे आणि तोंडावर येई. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर हाहाकार केला. कीटकशास्त्रज्ञांच्या जगात हे आकाशातून पडलेलं नव्हतं. गुजरातेत ही अळी पहिल्या पिढीच्या बीटीला दाद देत नसल्याचं बियाणं-तंत्रज्ञानाच्या कंपनीने २०१० मध्येच मान्य केलं होतं. अळी बीटीला अशी सरावू नये यासाठीची युक्ती तर त्याहून जुनी. बीटीच्या शेजारी थोडा साधा कापूस लावायचा. तिथे साध्या, बीटीने मरू शकणाऱ्या अळ्या वाढतात. त्यांचे पतंग बीटीवर तगलेल्या मोजक्या पतंगांशी जोडी लावतात आणि पुढच्या पिढीत तगण्याचा गुण पातळ होतो. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते, पण गुलाबीचं सगळं बिऱ्हाड कापसावर. म्हणून तिच्यासाठी ही साध्या कापसाची पट्टी जास्तच गरजेची. यासाठीच बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं.

आम्ही त्या फेब्रुवारीला भाषणांआधी टेबलावर परातीत फरदडीची, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या पऱ्हाटीची, हिरवी बोंडं ठेवली आणि ब्लेड दिली. बाहेरून बोंड तुकतुकीत, कुठे भोक नाही, कारण अळी बारीक असतानाच आत शिरते आणि वाट बुजते. चिरलं की पाकळीला पिवळट-तपकिरी डाग, सरकी पोकळ, आणि आत गुलाबी पट्ट्यांची अळी निवांत. याच बोंडाचा पुढे कवडी, म्हणजे डागाळलेला, कापूस होतो. मुंबईहून आलेली एक संशोधक मुलगी या अळीच्या जनुकांवर काम करणारी. तिने अळी पाहिली होती ती प्रयोगशाळेच्या डबीत. वावरातल्या बोंडात पहिल्यांदाच पाहत होती. डोमकळी म्हणजे काय हे तिला कळंब तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हातांची बोटं मिटून दाखवलं: फूल उमलत नाही, पाकळ्या आतून अळीच्या लाळेने शिवल्यासारख्या मिटून राहतात.

मग छोट्या पाकिटाचा विषय निघाला. तिने सगळं गणित नीट समजावलं. शेतकऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मॅडम, तुमचं सारं बराबर हाय. पन अळीसाठी वळी सोडाच्या, तं माह्या अडीच एकरात म्या काय सोडू? आन् थे छोटं पुडकं कायले हाय, हे दुकानावाल्यानं कधी सांगतलंच नाई. म्या तं बांधावर फेकलं.”

सभागृह हसलं. ती हसली नाही. तिने वही काढून विचारलं, तुमच्या शेजारच्यांनीही फेकलं का? पुढचा अर्धा तास ते दोघं आणि नागपूरचे एक कीटकशास्त्रज्ञ परातीशेजारी उभे होते. बीजभाषण उशिरा सुरू झालं आणि माझ्यावर अध्यक्ष रागावले. आता साधं बियाणं त्याच पाकिटात मिसळून येतं, ४७५ ग्रॅमचं. हा बदल काही आमच्या परातीमुळे झाला नाही. पण साध्या कापसाच्या वळी सोडायचा सल्ला ज्याच्यासाठी होता, त्याला आधी कोणत्या परिषदेत कोणी हे विचारलं होतं का, असं तेव्हापासून मनात येतं.

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन झालं. उद्घाटकाच्या निमंत्रणावरून मोठा वाद झाला आणि अखेर उद्घाटन केलं ते वैशाली येडे यांनी. शेतकरी कुटुंबातली, नवऱ्याची आत्महत्या सोसलेली बाई. साहित्यिकांना वादातून का होईना, ते सुचलं. जीवशास्त्राच्या परिषदांमध्ये शेतकरी अजून ‘लाभार्थी’ म्हणून शेवटच्या सत्रात येतो, आणि तोवर पाहुण्यांची गाडी धामणगावला निघालेली असते.

यंदा आम्ही सत्रं कमी केलीत. सत्कार बंद, एक दुपार मोकळी, आणि सकाळच्या पहिल्या सत्रात तिघे जण एका टेबलाशी: वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, कृषी केंद्र चालवणारा दुकानदार आणि फवारणी करणारा मजूर. दुकानदाराने होकार दिला, पण दुकान अकराला उघडायचंय म्हणून नऊची वेळ मागितली. मजुराची त्या दिवसाची रोजी द्यायची हे ठरलं. ती कोणत्या खर्चशीर्षाखाली दाखवायची यावर सीए विचार करतोय. समितीत आता एकच वाद उरलाय. त्याच्या प्रमाणपत्रावर ‘सहभागी’ छापायचं की ‘वक्ता’? माझं मत वक्ता. दोन ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं, मग बाकीचे वक्ते काय म्हणतील? छापखान्याला मजकूर शनिवारपर्यंत हवा आहे.