दोन प्रती खरोखर दोन कधी असतात?

दुकानदार मित्र मला सांगतात, "सर, आमचा बॅकअप आहे की!" कुठे आहे? तर संगणकाला कायम जोडलेल्या हार्ड डिस्कवर. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून विचारतो: एकाच कारणाने ज्या दोन गोष्टी एकदम नष्ट होतात, त्यांना दोन म्हणायचं का?

मे 2017मध्ये 'वॉनाक्राय' आलं. फायलींना कुलूप घालायचं आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागायची. जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही त्यातून सुटल्या नाहीत. विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती. पण अपडेट 'नंतर' करायला आपल्याला फार आवडतं!

तेव्हा टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी घ्या आणि डिस्क काढून घरी न्या. दोन डिस्क ठेवा, आलटूनपालटून वापरा. म्हणजे एक जोडलेली असताना घात झाला तरी दुसरी बाहेर राहते. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून उधारीचे आकडे जुळवून पाहा. हे कोणी करत नाही, आणि नेमकं हेच महत्त्वाचं आहे. डिस्कला पासवर्ड मात्र हवाच. रिक्षात विसरली, तर गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि कोणाकडे किती बाकी, सगळं तिच्यात आहे.